यादीतल्या माणसाला सावड हवी

माझ्या भावाच्या, अण्णाच्या कपाटात दोन दोनशेपानी वह्या आहेत. प्रत्येक पानावर तेच एक वाक्य, खाली तारीख आणि सही. 'मी आज जेवलो, औषध घेतलं, आता झोपतो.' नऊ महिने रोज रात्री साडेनऊला तो हे लिहायचा आणि वहिनी ते पान कालच्या पानाशेजारी धरून बघायची. दुसऱ्या वहीत एक पान असं आहे की त्यावर 'जेवलो' दोनदा आलंय, ओळ उजवीकडे उतरत गेलीय आणि सहीतलं आडनाव मध्येच सुटलंय. अण्णा तेव्हा आमच्याशी नीट बोलत होता, चहा मागत होता. पण ते पान बघून वहिनीनं रिक्षा बोलावली आणि मला फोन केला. निकामी झालेल्या यकृताला रक्तातला अमोनिया साफ करता येत नाही. तो मेंदूवर चढतो, माणूस आधी बरळतो, मग गुंगीत जातो. दवाखान्यात पोचेपर्यंत अण्णाला आजचा वार सांगता येत नव्हता. सकाळपर्यंत थांबला असता तर काय झालं असतं, हे तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितलं.

वहीची ही युक्ती आम्हाला कुठल्या कागदावर छापून मिळाली नव्हती. डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला होता, हे मी मुद्दाम नोंदवते. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 'गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच या' हे ऐकणं वेगळं, आणि आपल्याच नवऱ्याचा गोंधळ रात्री घरातल्या ट्यूबलाइटखाली ओळखणं वेगळं. ती युक्ती दिली पुण्याच्या ओपीडीबाहेर बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईनं. मोहोळकडच्या त्या. त्यांनी स्वतःच्या यकृताचा भाग नवऱ्याला दिलेला. "बोलण्यावर जाऊ नका," त्या वहिनीला म्हणाल्या, "बोलणं लई वेळ नीट असतंय. अक्षर आधी बिघडतंय. रोज एक ओळ लिहून घ्या." आमचा नंबर पुकारेपर्यंत वीसेक मिनिटं त्या बोलत होत्या. त्या वीस मिनिटांनी माझा भाऊ वाचला असं मी आजही मानते.

आणि तिथंच माझं म्हणणं सुरू होतं. त्या दिवशी त्या बाईंची हुतात्मा एक्सप्रेस चुकली असती तर? त्या दुसऱ्या बाकावर बसल्या असत्या तर? यकृत प्रत्यारोपणाच्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना त्याच वाटेनं आधी गेलेलं माणूस भेटणं, हा उपचाराचाच एक भाग धरायला हवा. ज्या दिवशी रुग्णाचं नाव प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत चढतं, त्याच दिवशी त्याच्या हातात त्याच्या जिल्ह्यातल्या, त्याची भाषा बोलणाऱ्या एका माणसाचा फोन नंबर पडला पाहिजे. हे आज नशिबावर सोडलेलं आहे आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तर नशीबही अडीचशे किलोमीटरवर राहतं.

किडनीच्या रुग्णांकडे बघा, मग मी काय म्हणते ते लक्षात येईल. डायलिसिसला माणूस आठवड्यातून दोन-तीन वेळा जातो, चार-चार तास पडून असतो आणि शेजारच्या खाटेवर त्याच्यासारखाच दुसरा असतो. काही महिन्यांत ती माणसं एकमेकांच्या मुलांची लग्नं ठरवण्यापर्यंत येतात. पाणी किती प्यायचं, हाताची फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली नस, कशी जपायची, कुठल्या योजनेचा कागद कुठं मिळतो, हे सगळं त्या खोलीतच शिकून होतं. कुणी मुद्दाम गट काढलेला नसतो, यंत्रानंच माणसं एकत्र बसवलेली असतात. यकृताला असं वर्षानुवर्षं जगवणारं यंत्र नाही. यकृताचा रुग्ण घरी असतो. पोटात पाणी भरलं की ते काढून घ्यायला जातो, रक्ताची उलटी झाली तर धावतो, बाकी दिवस कॉटवर पडून फोनकडे बघत राहतो. त्याच्यासारखा दुसरा कुणी सोलापुरात आहे की नाही हेच त्याला माहीत नसतं. आम्ही सहा महिने विचारत होतो. 'अहो, इथं कुणाचं झालंय का लिव्हरचं?' नातेवाइकांना विचारलं, औषधाच्या दुकानदाराला विचारलं. आणि पुढे कळलं काय, तर आमच्यापासून दोन चौक सोडून एक गृहस्थ होते, ऑपरेशनला चार वर्षं झालेले. एस.टी.त चालक होते, निवृत्त झालेले. ते रोज सकाळी आमच्या गल्लीवरून फिरायला जायचे.

ते इतके दिवस गप्प का होते? कारण यकृत बिघडलं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: पीत होते का? अण्णाला हिपॅटायटिस-बी होता. कधी लागला कुणाला ठाऊक, कळला तेव्हा यकृत आक्रसलेलं होतं. यकृत खराब व्हायला बी आहे, सी आहे, चरबी आहे, जन्मापासूनचे दोष आहेत, शरीर स्वतःच्याच यकृतावर उठतं तेही आहे. पण हा पाढा वाचूनही समोरच्याच्या नजरेतला संशय जात नाही. म्हणून लोक 'पोटाचं ऑपरेशन झालं' म्हणून मोकळे होतात. आम्हीही सुरुवातीला प्रत्येकाला सांगायचो, 'आमच्या अण्णानं कधी थेंब घेतला नाही हो.' ते सांगताना मान जरा ताठ व्हायची. आज मला त्याची लाज वाटते. ज्याचं यकृत दारूनं गेलं, त्याची बायको त्याच बाकावर बसलेली असायची आणि आमचं ते वाक्य तिच्या कानावर पडायचं. तिच्याइतकी सोबतीची गरज तिथं कुणालाच नव्हती. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथं नव्यानं आलेल्यांना हात देतात. म्हणजे ज्यानं भोगलंय तोच आधार देऊ शकतो, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. व्यसनाच्या बाबतीत आपण ती मान्य केली. यकृताच्या बाबतीत अजून कुणी मनावर घेतलेली नाही.

वाट बघणं म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ती रेशनच्या दुकानापुढची रांग वाटते. तशी ती नसते. रक्ताच्या तपासण्यांवरून मेल्ड नावाचा एक आकडा काढतात, ६ ते ४० मध्ये. आकडा जितका मोठा तितका धोका जवळ. शिवाय रक्तगट जुळायला हवा, यकृताचा आकार बसायला हवा. आपल्या भागाची यादी पुण्याच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय समितीकडे असते. आमच्या घरी या आकड्यानं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. आकडा १९ वरून २४ वर गेला तेव्हा वहिनी रडली, आणि रडता रडता म्हणाली, "आता नंबर लवकर लागेल ना?" नवरा जास्त आजारी झाला याचं दुःख आणि त्यामुळे वाचेल ही आशा, दोन्ही एकाच मिनिटात. या मिनिटाला कुठल्याही डॉक्टरकडे उत्तर नाही.

याहून अवघड गोष्ट दुसरीच. मेंदूमृत दात्याच्या यकृताची वाट बघणं म्हणजे कुणाच्या तरी घरात आकांत होण्याची वाट बघणं. घरातून कुणी देऊ शकलं असतं तर ही वेळ आली नसती. वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता, भाचा १७ वर्षांचा, आणि १८ वर्षांखालच्या मुलाचा अवयव कायद्यानं सहसा घेता येत नाही. राहिले मी. माझ्या तपासण्या झाल्या, यकृतावर चरबी निघाली, मला नको म्हणाले. घरी येऊन मी तीन दिवस शाळेत गेले नाही. त्यानंतर कधीतरी सकाळी पेपरात टेंभुर्णीजवळच्या अपघाताची बातमी वाचताना माझ्या मनात जे येऊन गेलं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. सांगितलं ते मोहोळच्या बाईंना, फोनवर. त्या जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, सगळ्यांच्याच मनात येतंय. मरण काही तुम्ही मागून आणत नाही. ते आलेलं असतंय. मागनं त्या घरची माणसं हो म्हणतात, ते त्यांचं मोठेपण." समुपदेशकानं हेच सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि पुन्हा रात्रभर जागले असते. ज्यांच्या मनात ते येऊन गेलंय त्यांनी सांगितलं म्हणून मी झोपले.

पहिला फोन आला तो रात्री अकराला. यकृत शरीराबाहेर फार तर बारा-एक तास टिकतं, त्यामुळे निघा म्हटलं की निघायचं. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण. गाडीत कुणी बोलत नव्हतं. वहिनीनं मांडीवर पिशवी घट्ट धरली होती, तिच्यात फायली आणि सिद्धेश्वराचा अंगारा. साडेतीनला पोचलो, रक्त घेतलं, अण्णाचं अंग पुसून घेतलं. सात वाजता को-ऑर्डिनेटर मॅडम आल्या आणि म्हणाल्या, ते यकृत घेण्याजोगं नाही, परत जा. असं होतं. दात्याचं यकृत प्रत्यक्ष बघितल्यावरच कळतं, कधी त्यात चरबी जास्त असते, आणि कधी दोन रुग्णांना बोलावून ठेवलेलं असतं. आम्हाला हे आधी माहीत होतं, कारण मोहोळच्या बाईंनी बजावलं होतं, "पहिला फोन म्हणजे तालीम धरा." त्याच सकाळी त्याच कारणानं दुसरं एक कुटुंब परत निघालं होतं. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या मुलाची आई लिफ्टजवळ फरशीवर बसली होती आणि तिला उठवता येत नव्हतं. वहिनी तिच्याजवळ जाऊन बसली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. आमची गाडी तासभर उशिरा निघाली.

कायद्यानं या सगळ्यात एक माणूस नेमलेला आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयाला समन्वयक, म्हणजे को-ऑर्डिनेटर, ठेवणं सक्तीचं झालं. ही माणसं राबतात. पण त्यांचा दिवस कागदांत, समित्यांत, रात्री-बेरात्रीच्या फोनांत जातो. त्यांच्याकडून सोबतीची अपेक्षा करणं म्हणजे स्टेशनमास्तरानं प्रवासात शेजारी बसावं असं म्हणण्यासारखं आहे. त्यांच्या हातात मात्र एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कुणाच्याच हातात नाही: कोण कुठल्या गावचा, कुणाचं कधी झालं, याची यादी. घरी सोडताना रुग्णाला एकच प्रश्न विचारला, 'तुमच्या भागातला नवा रुग्ण आला तर त्याच्याशी बोलाल का?' आणि हो म्हणणाऱ्याची लेखी संमती घेऊन ठेवली, तर निम्मं काम तिथंच होतं. यासाठी ना इमारत लागते ना निधी.

आता ऑपरेशननंतरचं. लोकांना वाटतं गोष्ट इथं संपली. 'नवा जन्म झाला म्हणायचा,' जो येतो तो म्हणतो. अण्णाला हे वाक्य असह्य व्हायचं. तो रागवायचा, ताट सरकवायचा, दुपारी भिंतीकडे तोंड करून रडायचा. एवढं लोकांनी केलं, कुणी अनोळखी माणसानं मरून दिलं, आणि हा रडतोय म्हणून आम्ही त्याच्यावर चिडायचो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मन असं वरखाली होतं हे आम्हाला नंतर समजलं. त्यात हात थरथरायला लागले. अण्णा यंत्रमागावर जॉबर होता, पुढे स्वतःचे चार माग घातले, टॉवेल विणायचा. उपचारासाठी त्यातले दोन विकले, प्लॉट विकला. मागावरचा तुटलेला धागा दोन बोटांत पकडून एका झटक्यात गाठ मारायची, हे त्याचं आयुष्यभराचं कसब. पुण्याहून तीन महिन्यांनी परत आल्यावर पहिल्यांदा तो कारखान्यात गेला, धागा धरला, आणि गाठ बसेना. तीनदा सुटली. काही न बोलता घरी येऊन झोपला. मला वाटतं त्या दिवशी तो यादीत असतानापेक्षाही जास्त खचला.

ते एस.टी.तले काका आम्हाला सापडले ते याच आठवड्यात. आले, बाहेर चप्पल काढली, हात धुतले, मास्क लावला, आणि लांब खुर्चीवर बसले. त्यांना सांगावं लागलं नाही. अण्णाचा कपबशीतला चहा हिंदकळत होता, तिकडे बघून म्हणाले, "माझी बशी तर वाजायची. सहा-सात महिने बायको मला पेल्यातच चहा द्यायची. टॅक्रोमुळं होतंय. डोस उतरत गेला की कमी होतंय. पण गोळी मनानं कमी करू नका हां, डॉक्टरांनाच सांगा." टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवं यकृत नाकारू नये म्हणून आयुष्यभर घ्यायची गोळी. तिनं हात थरथरतात हे अण्णाला वॉर्डात सांगितलेलं होतं, कागदावरही होतं. पण वॉर्डात ऐकलेलं कुणाच्या ध्यानात राहतं? समोर बसलेल्या माणसाचा हात आता स्थिर आहे, हे बघितल्यावर त्याला पटलं. अण्णानं त्यांना हात पुढे करायला लावला आणि बराच वेळ नुसता बघत बसला.

पुढचे बारीकसारीक प्रश्नही त्यांनीच सोडवले. रक्तातली गोळीची पातळी तपासायची असते तेव्हा सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं आणि मग लगेच गोळी घ्यायची, म्हणून गोळी खिशात ठेवूनच लॅबमध्ये जायचं. आठ आणि आठ, दोन गजर, दुसरा घरातल्या कुणाच्या तरी फोनवर. पपनस आणि त्या जातीची काही फळं रक्तातली गोळीची पातळी वाढवतात म्हणून ती बंद. भेटायला येणाऱ्यांना दारातच थांबवायचं काम बायकोवर टाकायचं नाही, तिच्यावर राग धरतात लोक. दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावायची. वहिनीवर पेढे घेऊन आलेली तीन घरं रुसली होतीच. आणि गड्ड्याचा प्रश्न. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे गड्ड्याला, पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालल्याशिवाय अण्णाचं वर्ष सुरू होत नाही. त्या वर्षी काकांनी त्याला दुपारी फोन लावला आणि अक्षता सोहळ्याचा आवाज ऐकवला. पुढच्या वर्षी डॉक्टरांना विचारून, मास्क लावून, गर्दी दाटायच्या आत दर्शन घेऊन दोघं परत आले. बाराबंदी घालून.

आमच्या आजोबांकडे मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात ज्वारीच्या काढणीला सावड असायची. आज चार घरं मिळून तुमच्या रानात, उद्या तीच चार घरं आमच्या. पैसा नाही, उपकार नाही, वही-खातं नाही. पण कुणाची फेड राहिलीय हे सगळ्या गावाला पाठ. सोबतीचा विचार करते तेव्हा मला दान, सेवा असले शब्द जवळ करावेसे वाटत नाहीत. त्यात देणारा वर बसतो. सावडीत वर कुणीच नसतं. काकांना अण्णाचा उपयोग झाला नाही असं कोण म्हणेल? चार वर्षं पोटाचं ऑपरेशन म्हणून लपवलेली गोष्ट त्यांनी आमच्या ओसरीवर पहिल्यांदा मोकळेपणानं सांगितली. सूतगिरण्या, बँका, अगदी मोठं रुग्णालयसुद्धा सहकारानं उभं केलेलं हे शहर आहे. इथं ही कल्पना समजावून सांगावी लागू नये.

या सावडीत दात्यांची जागा वेगळी हवी, यावर माझा फार भर आहे. २०२३ साली देशात ४,४९१ यकृत प्रत्यारोपणं झाली आणि मेंदूमृत दाते त्या वर्षी सगळ्या देशात मिळून १,०९९. म्हणजे बहुतेकांना यकृताचा भाग घरातल्याच जिवंत माणसानं दिलेला असतो, आणि ते माणूस पुष्कळदा बायको, आई नाहीतर बहीण असतं. घेणाऱ्यांत मात्र बाया कमी. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी जेमतेम ६,९४५ स्त्रियांच्या वाट्याला आली. मोहोळच्या बाईंच्या उजव्या बरगडीखाली लांब व्रण आहे. यकृताचा मोठा भाग काढला तरी राहिलेलं काही आठवड्यांत, महिन्यांत वाढून भरून येतं, हे खरंच आहे. पण तेवढ्यात घरी येऊन त्या चुलीपुढे बसल्या, कारण नवरा पेशंट होता. "सगळे विचारतात, मालक कसे आहेत. माझं कुणी विचारलंच नाही," त्या एकदाच म्हणाल्या, तक्रारीच्या सुरातही नाही. दात्याच्या जिवालाही थोडा का होईना धोका असतो. तिला 'नाही' म्हणायचा पूर्ण हक्क असतो. सासरच्या माणसांनी भरलेल्या खोलीत ती तो हक्क कसा वापरणार? तिला आधी भेटायला हवी दिलेली बाई, आणि नाही म्हणालेली बाईसुद्धा. नको ठरलेल्यांचंही एक दुःख असतं, ते मी वर सांगितलं.

याला विरोध करणारे डॉक्टर मला भेटले आहेत आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. एक म्हणाले, रुग्ण एकत्र आले की गावठी औषधं पसरतात. खरं आहे. आमच्याकडेच कावीळ उतरवणारा माणूस दोन जणांनी सुचवला. गुळवेलीच्या काढ्यानं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी कोरोनाच्या काळात डॉक्टरांनी केलेल्या आहेत, आणि काढे तर घरोघर उकळत होते. पण ही औषधं आजही पसरतातच, पानाच्या टपरीवर आणि लग्नाच्या पंगतीत, आणि तिथं अडवणारं कुणी नसतं. काकांनी अडवलं. प्रत्यारोपण झालेल्या माणसाइतकं परखडपणे 'असलं काही घेऊ नका' कोण सांगणार? दुसरी भीती दलालांची. रुग्णांच्या गटात शिरून अमुक हॉस्पिटलला चला, अमुक देणारा मिळवून देतो, म्हणणारे येतील. अवयवांच्या खरेदी-विक्रीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, तरी हा धोका उरतो. म्हणून नियम आधीच कडक हवेत: पैशाचा विषय काढायचा नाही, कुठल्या हॉस्पिटलचं नाव सुचवायचं नाही, औषधाचा डोस सांगायचा नाही. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी तहसीलदाराचा दाखला लागतो, समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावं लागतं, एवढं सांगावं. ज्या ऑपरेशनला खासगीत २० ते २५ लाख लागतात, तिथं एवढी माहितीही एखाद्याचं घर वाचवते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. यादीतली सगळी माणसं पार होत नाहीत. आमच्यासोबत ओपीडीला येणारा बार्शीकडचा एक तरुण गेला. त्याची बातमी अण्णाला सांगायची की नाही यावर आमच्यात भांडण झालं. ज्यांची सोबत जडली त्यांच्यातलं एक जातं तेव्हा बाकीच्यांना आपलाच नंबर दिसतो. यावर मला तोडगा सापडलेला नाही. अण्णाला शेवटी भाच्यानं सांगितलं, आणि अण्णा म्हणाला, मला त्याच्या वडिलांशी बोलायचंय. बोलला. दोघंही फारसं बोलले नाहीत, फोन मात्र चाळीस मिनिटं चालू होता. एकट्यानं हे कळण्यापेक्षा असं कळलेलं बरं, एवढंच मी म्हणू शकते.

मग करायचं काय? माझी मागणी छोटी आहे. इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात महिन्यातून एका दुपारी एक हवेशीर खोली आणि सोबत बसायला एक समाजसेवा अधिकारी. नुकतं ऑपरेशन झालेल्यांना गर्दीत बसता येत नाही, त्यांच्यासाठी फोन. आणि भाषा. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कानडी, कितीतरी घरांत उर्दू. मराठी सगळ्यांना येते, पण भीती आईच्या भाषेतच बोलता येते. आमच्या शेजारच्या मागवाल्या मावशींना मराठीत सगळं समजायचं. पण त्यांच्या सुनेच्या आजाराबद्दल त्या पहिल्यांदा मनातलं बोलल्या त्या तेलुगू बोलणाऱ्या एका नर्सजवळ. म्हणून एकाच मोठ्या गटापेक्षा मला माणसांच्या जोड्या लावणं जास्त पटतं. नव्या विणकराला जुना विणकर, शेतकऱ्याला शेतकरी, देणारीला देणारी. जोडी लावण्याआधी जुन्या रुग्णाला एक दिवस बसवून शिकवावं: काय सांगायचं, कुठं थांबायचं, कधी 'आत्ता लगेच दवाखान्यात जा' म्हणायचं.

सोबतीनं मेल्डचा आकडा उतरत नाही, यकृत लवकर मिळत नाही. पण गोळी वेळेवर घेतली जाते, ताप आला तर दोन दिवस अंगावर काढला जात नाही, आणि ऑपरेशनला पाच वर्षं झाल्यावर 'आता कशाला रोज गोळी' असं वाटायला लागतं तेव्हा कुणीतरी कान धरणारं असतं. गोळ्या सोडल्या की शरीर यकृत नाकारू शकतं, मग ते पाच वर्षांनी असो की दहा. ज्या यकृतासाठी एका अनोळखी घरानं त्यांच्या आयुष्यातल्या सर्वात वाईट रात्री सही केली, ते एवढ्याशा निष्काळजीपणानं वाया जाऊ द्यायचं नसेल, तर पुढच्या वर्षांचीही सोय लावायला हवी.

आम्ही आमचे नंबर को-ऑर्डिनेटर मॅडमकडे लेखी देऊन ठेवलेत, अण्णाचा, वहिनीचा आणि माझा. परवा रात्री दहाला सांगोल्याहून फोन आला. यादीत चढून आठ दिवस झालेले. आवाज बाईचा, दबका, बहुतेक अंगणात येऊन बोलत होती. "दारात डाळिंबाची बाग आहे हो ताई. यांना चालतंय का डाळिंब?"

"ते डॉक्टरांना विचारा," मी म्हटलं. "तुमच्या घरात कोरी वही आहे का?"